भोंग्यात बुडणारा जंगलाचा इशारा

येऊरच्या जंगलात दिवसा बिबट्या निघाला, की पहिली वर्दी झाडावरून येते. शेंड्यावरचा वानर खोकल्यासारखा खरखरीत आवाज काढतो आणि खाली चरणारा चितळांचा कळप सावध होतो. रात्री वानर झोपलेले असतात. तेव्हा हे काम चितळ आणि सांबर करतात. बिबट्या दबा धरून शिकार करतो. आपण दिसलो हे कळले, की बहुधा तो माघार घेतो. त्यामुळे एका प्राण्याच्या ओरडण्याने अनेकांचा जीव वाचतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व परिसरात २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांनी बिबट्यांची मोजणी झाली. अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळख पटवून किमान ४७ बिबटे नोंदले गेले. एवढे बिबटे शहराला खेटून राहतात. जंगलात पुरेशी शिकार मिळणे ही म्हणूनच माणसांच्याही सुरक्षिततेची बाब आहे.

येऊरमधील लग्नसमारंभ, पार्ट्या आणि टर्फवरील गोंगाटाबद्दल रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत आहेत. चर्चा मात्र माणसांच्या झोपेपाशीच थांबते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ती ठरली माणसांच्या वस्तीसाठी. आजूबाजूचा आवाज वाढला, की इशारा ऐकू येण्याचे अंतर घटते. चितळाला हे अंतर फार महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडोत प्रेअरी डॉग या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारवर्गीय प्राण्यांवर याचा प्रयोग झाला. वसाहतीजवळ वाहतुकीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवताच प्राणी बिळाबाहेर कमी येऊ लागले, कमी चरू लागले आणि टेहळणीत अधिक वेळ घालवू लागले. येऊरचे प्राणी वेगळे असले, तरी ऐकण्यावर त्यांचीही भिस्त आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील मॉलमध्ये आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील इमारतीत बिबट्या शिरला होता. त्या घटनांचा दोष गोंगाटाला देता येणार नाही. मात्र शहरात इशारा देणारे वानर नसतात. भुंकणारी कुत्री असतात आणि तीच बिबट्याचे भक्ष्य ठरतात.

म्हणून बिबट्यांच्या मोजणीबरोबर येऊरमधील रात्रीचा आवाजही नियमित मोजायला हवा. रात्री १० नंतर भोंगे बंद ठेवण्याचा नियम आहेच. तो पाळला, तर जंगलाला आपला पहारा स्वतः करता येईल.