अंगणातली कोरांटी

अलीकडे फुलझाडांचे बी पाकिटातून घरपोच येऊ लागले आहे. त्यात कधी पेनस्टेमॉनचेही पाकीट असते. वर चित्र असते, एका दांड्यावर लाल-जांभळ्या घंटा ओळीने लागलेल्या. असे झाड आपल्या दारात असावे असे कोणालाही वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. फुले बंगलेवाल्यांनीच लावावीत असा नियम नाही. पण पैसे मोजण्याआधी झाडाची चौकशी केलेली बरी.

पेनस्टेमॉन उत्तर अमेरिकेचे. त्याच्या अडीचशेच्या वर जाती आहेत. फुलात पाच पुंकेसर, पैकी पाचव्यावर पराग नसतात, पुष्कळ जातींत नुसते केस असतात. म्हणून तिकडचे लोक या फुलाला ‘दाढीवाली जीभ’ म्हणतात. (मुलांना सांगा, हसतील.) बऱ्याच जाती तिथल्या खडकाळ माळावर थोड्या पाण्यात वाढतात. मग बालाघाटाच्या मुरमाड जमिनीत ते येईल, असे वाटते. पण अनेक जातींचे बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही, आणि मुळाशी पाणी साचले की झाड कुजते. आपल्या लिंबागणेशला बर्फ कुठला? उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल.

परदेशी म्हणून नको, असे मी म्हणत नाही. झेंडू मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्करची. आज ती आपलीच झाली आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. झाडाला पाणी कोण आणणार?

2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या जिल्ह्यातही तेव्हा गावोगाव टँकरची वाट पाहावी लागली. अशा दिवसांत हंडा बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यावर असतो. झाडाची हौस घरधन्याला आणि पाणी घालणे सुनेकडे, अशा घरात नवे झाड लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. हौस ज्याची, बादली त्याने उचलावी.

तशाच नळीदार फुलांचे, आपल्या मातीचे झाड म्हणजे कोरांटी. हे अडुळशाच्या कुळातले. पिवळी कोरांटी माळावर, कुंपणाला आपोआप येते, म्हणून तिची कोणी किंमत करीत नाही. पांढरी आणि जांभळीही असते. पावसाळा सरता सरता फुले सुरू होतात आणि थंडीत झाड भरते. अमेरिकेत पेनस्टेमॉनवर गुंजनपक्षी येतात, ते आपल्याकडे नाहीत. पण अशा नळीदार फुलांवर आपला शिंजीर येतो, बाक असलेल्या चोचीने मध ओढतो. सकाळच्या वंदनेला ओंजळभर फुले घरचीच होतात.

लावायला बी नको. पावसाळ्यात शेजारच्या झाडाची वीतभर, पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणावी, खालची पाने काढावीत, दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी. काळी माती असेल तर खड्ड्यात निम्मा मुरूम घालावा. शेणखत मूठभर पुरे. जास्त खताने पानेच माजतात.

आता पाण्याचा हिशोब. घरात माणसे पाच, प्रत्येकी पंधरा लिटरची बादली धरली तर आंघोळीचे 75 लिटर पाणी रोज मोरीतून जाते. मुळे धरलेल्या कोरांटीला आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी चालते. म्हणजे हंड्यातले चांगले पाणी लागतच नाही. मात्र पावडरीचे पहिले पाणी घालू नये, जमीन खारावते. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी आणि तांदूळ धुतलेले पाणी घालावे. उन्हाळ्यासाठी झाडाजवळ लहान मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू पाझरते. जुना माठ, ज्यात पाणी गार होत नाही, तो या कामाला नको. त्याची छिद्रे बुजलेली असतात.

फुले संपली की झाड गुडघ्याएवढे छाटावे. पिवळीला अणकुचीदार काटे असतात, म्हणून लहान मुले खेळतात त्या बाजूला ती लावू नये. तिथे पांढरी बरी.