पहिलीतलं मूल अक्षरं शिकतं, पण वाचायला कधी लागतं?



आपल्या देशात कुठल्याही ऑफिसात काम घेऊन जा, ऑगस्टपासून एकच उत्तर मिळतं, ‘अखरे हाखागीम’. सण होऊन जाऊ दे, मग बघू. शाळेचंही तेच आहे. कॅलेंडरप्रमाणे शाळा 1 सप्टेंबर 2025 ला उघडली. पण 22 सप्टेंबरच्या संध्याकाळी रोश हशाना लागला, मागोमाग किप्पूर, सुक्कोथ आणि 14 ऑक्टोबरला सिमखाथ तोरा. किता अलेफच्या, म्हणजे पहिलीच्या मुलांना जेमतेम तीन आठवडे बाकावर बसायला मिळालं आणि सुट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा खरी शाळा त्यानंतरच सुरू झाली. 13 ऑक्टोबरला जिवंत असलेले शेवटचे 20 ओलीस घरी परतले, त्यामुळे या वेळची ही सुरुवात जरा मोकळ्या श्वासाने झाली, एवढं तरी म्हणता येईल.

आपल्यापैकी पुष्कळ जण रोज दुपारी एकच्या सुमाराला शाळेच्या फाटकाशी नातवंडांना घ्यायला उभे असतात. आई-बाप कामावर, त्सोहरायीमचा खर्च परवडत नाही, म्हणून सावता आणि सब्बा. घरी जाताना आपण विचारतो, “आज काय शिकलास?” उत्तर येतं, “क्लूम.” काही नाही. म्हणून हा लेख. ही मुलं खरोखर काय शिकताहेत, त्यात अडचण कुठे आहे आणि आपल्या वयाच्या माणसांचा त्यात काही उपयोग आहे का, हे मला मांडायचं आहे. मी नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली बाई, शिक्षिका नव्हे. पण शाळेतली मुलं मी बरीच वर्षं जवळून पाहिली आहेत.

हे मूल कुठून आलं आहे

2025 मध्ये पहिलीत बसलेलं मूल 2019 साली जन्मलेलं. ते वर्षाचं झालं तेव्हा कोरोना आला. ज्या वयात मूल माणसांची तोंडं बघून बोलायला शिकतं, त्या वयात बाहेरच्या माणसांची तोंडं मास्कमागे होती. ते चार वर्षांचं असताना 7 ऑक्टोबर 2023 झालं. कोणाचा बाप मिलुईमला गेला तो महिनोन् महिने. किर्यात श्मोनासारख्या गावची मुलं वर्षाहून जास्त काळ घराबाहेर, कोणी हॉटेलात, कोणी नातेवाईकांकडे. मग 2025 च्या जूनमध्ये इराणशी 12 दिवसांची लढाई, 13 ते 24 जून. गान बंद, शाळा बंद, रात्री उठून मामादमध्ये किंवा जिन्याखालच्या मिकलातमध्ये पळापळ.

म्हणजे गानचं शेवटचं वर्ष, गान खोवा, ज्यात मुलाला रांगेत उभं राहायला, ऐकून घ्यायला, कात्री आणि पेन्सिल धरायला शिकवतात, तेच अर्धंमुर्धं झालं. पहिल्या आठवड्यात शिक्षिका मुलांना वर्ग दाखवते, संडास दाखवते, पाण्याचा नळ दाखवते आणि सायरन झाला तर कुठे जायचं तेही दाखवते. ‘अलेफ’ कसा काढायचा आणि दीड मिनिटात कुठे पोचायचं, हे दोन्ही धडे एकाच आठवड्यात. रविवारी सकाळी पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला लगेच लबाड ठरवू नका. पोट खरंच दुखत असतं. भीती मुलाच्या तोंडातून येत नाही, पोटातून येते.

निकुद आणि आपली बाराखडी

आता अभ्यास. पहिलीचं मुख्य काम म्हणजे वाचायला आणि लिहायला शिकणं. 22 अक्षरं, त्यातल्या पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं, छापील अक्षर आणि हाताचं अक्षर वेगळं, आणि सगळ्यांना लागणारा निकुद. आपण मराठीत शिकलेल्या माणसांना हे लवकर समजतं, कारण ही सरळ बाराखडी आहे. क, का, कि, कु तसं बा, बे, बि, बो, बु. अक्षराला खूण लागते, उच्चार बदलतो. आपल्याला घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ व्हायचा, तसा या मुलांचा दालेत आणि रेश, बेत आणि काफ यांत होतो. शिवाय तेत आणि ताव, काफ आणि कोफ यांचा उच्चार आजच्या बोलण्यात एकच झाला आहे, त्यामुळे कुठला शब्द कुठल्या अक्षराने लिहायचा हे पाठच करावं लागतं.

गणितात मोजणं, लहान बेरीज-वजाबाकी. धर्माचं शिक्षण शाळेप्रमाणे. 1953 च्या कायद्याने सरकारी शाळा दोन प्रकारच्या झाल्या, साध्या आणि धार्मिक. खरेदी लोकांच्या शाळा वेगळ्या आणि अरब मुलांच्या शाळा अरबी भाषेत. आपली बहुतेक नातवंडं पहिल्या दोन प्रकारांत असतात. धार्मिक शाळेत पहिलीत सिद्दूरचा समारंभ होतो, खुमाशचा साधारण दुसरीत. सावता लोक डोळे पुसतात, फोटो काढतात. ते छानच आहे.

पण खरी अडचण समारंभानंतर दोन वर्षांनी येते. आपली वेलांटी आणि मात्रा मरेपर्यंत आपल्याबरोबर असते. हिब्रूचा निकुद तसा नाही. तिसरी-चौथीपर्यंत तो हळूहळू पुस्तकातून नाहीसा होतो. मग सामेख, पे, रेश एवढी तीन अक्षरं समोर दिसली, तर ते सेफेर म्हणजे पुस्तक, का सपार म्हणजे न्हावी, का सफार म्हणजे त्याने मोजलं, का सिपेर म्हणजे त्याने सांगितलं? हे अक्षर सांगत नाही. आजूबाजूचं वाक्य सांगतं. आणि ते वाक्य त्यालाच सांगतं ज्याला हे चारही शब्द आधीपासून कानाने माहीत आहेत.

म्हणून हिब्रूत वाचन हे डोळ्यांपेक्षा कानाचं काम आहे. ज्या मुलाने घरात भरपूर बोलणं ऐकलं, गोष्टी ऐकल्या, ते निकुद गेल्यावरही चालत राहतं. ज्याने फक्त “जेव, झोप, टॅब ठेव” एवढंच ऐकलं, ते पहिलीत ठीक वाचतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि चौथीत अडकतं.

आकडे काय सांगतात

चौथीच्या मुलांच्या वाचनाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, पर्ल्स. तिचा मध्य 500 धरलेला आहे. इस्राएलचे गुण 2016 मध्ये 530 होते, 2021 मध्ये 510 झाले. म्हणजे आपण अजून मध्याच्या वर आहोत, पण पाच वर्षांत 20 गुणांनी खाली आलो. कोरोनाचा त्यात वाटा आहेच, इतर देशांतही घसरण झाली. पण सरासरीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. आपल्या देशात चांगलं वाचणाऱ्या आणि मागे पडलेल्या मुलांमधलं अंतर फार मोठं आहे. अरबी शाळांचे गुण हिब्रू शाळांपेक्षा खूप कमी आहेत, आणि त्याचं एक कारण असं की अरब मूल घरी जी अरबी बोलतं ती वेगळी आणि पुस्तकातली वेगळी. पहिलीत बसताना ते जवळजवळ नवी भाषा शिकत असतं.

हे आपल्याला परकं वाटू नये. दिमोना, लोद, रामला, बेर शेवा इथे आपली पहिली पिढी आली तेव्हा घरात मराठी, शाळेत हिब्रू. आज नातवंडांच्या घरी हिब्रूच आहे. पण जिथे माणसं दोन-दोन नोकऱ्या करून थकून येतात, तिथे बोलणंच कमी झालं आहे. शब्दांची गरिबी अशी येते.

आपल्या वाडवडिलांचा अनुभव

या विषयात आपल्या समाजाकडे एक जुना अनुभव आहे. कोकणातल्या आपल्या वडीलधाऱ्यांना पुढे प्रार्थनेची हिब्रू वाचता येऊ लागली, पण निकुद बघून. तोंडाने शब्द शुद्ध, अर्थ मात्र कळत नसे. अर्थासाठी मराठी लागायची. म्हणून तर जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं ते आपल्या लोकांच्या कामी आलं. म्हणून 1874 ला पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूबरोबर मराठी आहे. आणि 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढलं, जे पुढे माझगावचं सर एली कदुरी स्कूल झालं. तिथे शिकलेले किती तरी वाचक आजही आपल्यात आहेत. केहिमकरांना एक गोष्ट पक्की माहीत होती. अक्षर आलं म्हणजे वाचन आलं असं होत नाही. समजायला आपल्या घरची भाषा पाया म्हणून लागते.

आज चौथीत अडकलेलं मूल म्हणजे तीच जुनी गोष्ट उलट बाजूने. अक्षर आहे, आवाज आहे, अर्थ नाही.

आधी डोळे आणि कान

माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. “हा लक्ष देत नाही” अशी चिठ्ठी शाळेतून आली की आई-बाप घाबरतात किंवा ओरडतात. त्याआधी मुलाला दिसतं का आणि ऐकू येतं का ते बघा. पहिलीत शाळेची नर्स डोळे आणि कान तपासते, तिचा कागद घरी येतो, तो दप्तराच्या तळाशी केळ्याच्या सालीखाली सापडतो. तो काढून वाचा. सर्दी सारखी होणाऱ्या मुलाच्या कानात पाणी साचतं, त्याला अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. बेत आणि पे त्याला सारखेच वाटणार.

दुसरं म्हणजे गोवर. 2025 च्या वसंतापासून गोवर पसरला आणि लहान बाळं दगावली. लस दोनदा लागते, पहिली वर्षाचं झाल्यावर आणि दुसरी किता अलेफमध्ये. मुलाचा लसींचा पिंकास उघडून बघा आणि दुसरी लस राहिली असेल तर सुनेला किंवा मुलीला आठवण करा. पूर्वी शाळेत नर्स आपलीच वाटायची. 2007 पासून ते काम सरकारने बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या संस्थांना दिलं, त्यामुळे एक नर्स अनेक शाळा धावत फिरते. कोणाचं तरी मूल सुटून जातंच. आपलं सुटू नये.

मग सावता-सब्बांनी काय करायचं

आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं, “आमची हिब्रू उलपानमधली, मोडकी. आम्ही काय शिकवणार?” आणि मग माणूस गप्प बसतो, मूल टॅब घेतं. हे बरोबर नाही. अक्षर शिकवायला शिक्षिका आहे. तुम्ही बोला.

गोष्ट मराठीत सांगा. रेवदंड्याची, अलिबागची, मालगाडीची, एलियाहू हनाबीच्या मलिद्याची. पुढे काय झालं, का झालं, मग तो काय म्हणाला, हा गोष्टीचा धागा धरायला मूल कुठल्याही भाषेत शिकतं आणि तो धागा वाचताना कामी येतो. पण हिब्रू शब्द हिब्रूतूनच येणार, हेही खरं. म्हणून गोष्ट संपली की नातवाला सांगा, आता हीच गोष्ट आईला हिब्रूत सांग. तुम्हाला भाषांतर करायचं नाही, त्यालाच करू द्या.

पुस्तक त्याने तुम्हाला वाचून दाखवावं. तुम्ही विद्यार्थी व्हा. “हा शब्द मला कळला नाही, समजावून सांग.” मुलाला दुसऱ्याला शिकवायला आवडतं, आणि समजावता आलं नाही तर त्याचं त्यालाच कळतं की आपल्याला पण समजलेलं नाही. रोज दहा मिनिटं पुरे. आणि तिसरी-चौथीतल्या नातवंडांना विसरू नका. आपण सगळे पहिलीच्या मागे लागतो. मदतीची गरज निकुद गेल्यावर जास्त असते.

“आज काय शिकलास” विचारू नका. “आज कोणाला रडू आलं? कोण हसलं?” असं विचारा. उत्तर लांब येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं आजी-आजोबांवर ढकलून सरकारला मोकळं होता येणार नाही. 30 च्या वर मुलं असलेल्या वर्गात एका शिक्षिकेने प्रत्येकाचं वाचन कधी ऐकायचं? शिक्षक कमी आहेत, त्यांचा पगार हा दर वर्षीचा वाद आहे. लढाईत जे गान आणि जे वर्ग बुडाले, त्यांच्यासाठी शाळांना जादा तास आणि जादा माणसं मिळायला हवीत. शाळेच्या पालकसभेत आपल्या मुला-सुनांनी हे विचारावं, आणि विचारत नसतील तर त्यांना विचारायला लावावं. तेवढा आपला अधिकार अजून आहे.

किता अलेफच्या मुलांसमोर सणांनंतर किस्लेवपर्यंत सलग शाळा असते. हनुक्काच्या दिव्यांपर्यंत बहुतेकांना निकुदचे साधे शब्द वाचता येतील. तेव्हा टाळ्या वाजवा, लाडू द्या. आणि मनात ठेवा की हे काम अजून तीन वर्षांचं आहे.

सर्वांना तब्येत चांगली राहो. शाना तोवा.