सभापतींचे खरे स्मारक

सभापतीचे आसन मानाचे खरे, पण सत्तेचे नव्हे. तेथे बसणाऱ्याने सर्वांचे ऐकावे, स्वतः वादात पडू नये, असा संकेत आहे. वि. स. पागे यांनी १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापतिपद भूषविले. तथापि राज्यातील एका अत्यंत दूरगामी कायद्याची कल्पना पुढे आली ती मंत्रिमंडळाबाहेरील याच गृहस्थांकडून.

मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य होय, ही त्यांची धारणा. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६९ मध्ये तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संसदेने २००५ साली ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारपत्रकातील ही कपात पाहून शिक्षक आणि कारकून कुरकुरतात; परंतु खडी फोडणाऱ्या हातांशी त्यांचे नाते जोडणारा धागा तोच. पुढे हजेरीपटावरील खोट्या नावांनी आणि रखडलेल्या मजुरीने योजनेला डाग लागले, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच कपातीबद्दल कुरकुरण्याऐवजी तिचा हिशेब मागणे, हेच पागे यांचे उचित स्मरण ठरेल. पुतळ्यांना हिशेब विचारता येत नाही. तो नागरिकांनीच विचारावयाचा असतो.