बाटलीची मागची बाजू

काही महिन्यांपूर्वी दहावीत शिकणारा एक मुलगा आईसोबत माझ्या दवाखान्यात आला. छातीत धडधड आणि रात्री झोप न येणे, ही तक्रार. तपासणीत हृदयाचा कोणताही दोष आढळला नाही. बोलता बोलता कळले, की एम. पी. नगरातील शिकवणीला जाताना तो रोज दोन बाटल्या ‘एनर्जी ड्रिंक’ पितो. कारण विचारताच म्हणाला, “सगळेच पितात, डॉक्टरकाका. जागता येतं.” दप्तरातील बाटली मी त्याला फिरवून वाचायला लावली. मागे बारीक अक्षरांत छापले होते, की हे पेय लहान मुलांसाठी नाही. ते वाक्य मायलेकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

हा इशारा उत्पादकाच्या सद्भावनेतून आलेला नाही. तो कायद्याने छापावा लागतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. पुढच्या बाजूला मात्र भडक रंग आणि वेगाचे आश्वासन असते. मोह दर्शनी, इशारा पाठीमागे. जाहिरातीचे सारे शास्त्र एवढ्यात सामावलेले आहे.

किशोरवयात मेंदूतील आनंद आणि बक्षीस शोधणारी केंद्रे आधी जागी होतात; परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा भाग मात्र विशी ओलांडल्यावरही काही वर्षे परिपक्व होत राहतो. जाहिरातदार नेमके हेच अंतर हेरतात. ते पेय विकत नाहीत, मित्रांच्या टोळक्यातील स्थान विकतात. पूर्वी जाहिरात बैठकीच्या खोलीत, वडीलधाऱ्यांच्या देखत येत असे. आज ती मुलाच्या हातातील फोनवर, मित्राच्या सुरात, एकांतात येते.

तथापि केवळ मुलांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून येथे बदलून आलेल्या मराठी कुटुंबांत वाण्याची यादी काटकसरीने होत असे. पुढे आपणच त्या यादीत दुधात घालायच्या ‘शक्तिवर्धक’ पावडरीचा डबा समाविष्ट केला, आणि तोही जाहिरात पाहूनच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. कारण अन्नविषयक कायद्यात त्या नावाचा वर्गच नाही. म्हणजे वर्षानुवर्षे आपण सुशिक्षित पालकांनीही डब्याची मागची बाजू वाचली नव्हती.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. १९९२ च्या कायद्याने अर्भकांसाठीच्या दूधपावडरीच्या जाहिरातीवर बंदी आणली. २००३ च्या दुरुस्तीने ते संरक्षण दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या आहारापर्यंत वाढले. त्या मागणीमागे बालरोगतज्ज्ञ ठामपणे उभे राहिले होते. दोन वर्षांच्या बाळासाठी जो आग्रह आपण धरला, तो पंधरा वर्षांच्या मुलासाठी का धरू नये? शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिसाखर, अतिमीठ, अतिस्निग्ध पदार्थ विकण्यास नियमाने मनाई आहे. आपल्या मुलांच्या शाळेसमोर तो पाळला जातो का, हे पालकसभेत कितीजणांनी विचारले?

मी स्वतःपासून आरंभ केला. माझ्या प्रतीक्षालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे अशाच एका पावडरीचे कॅलेंडर टांगलेले होते. त्या मुलाला उपदेश करून बाहेर आलो, तेव्हा ते डोळ्यांत खुपले आणि मी उतरवले. डॉक्टरच्या भिंतीवरची जाहिरात ही सर्वांत विश्वासार्ह जाहिरात असते, याची लाज वाटली.

समव्यवसायी बंधुभगिनींना नम्र विनंती एवढीच, की किशोरवयीन रुग्णाला “काय पितोस, काय विकत घेतोस?” हेही विचारावे आणि आपल्या भिंती एकदा न्याहाळाव्यात. पालकांनी मुलावर बंदी घालण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून बाटलीची मागची बाजू वाचावी. तो मुलगा महिन्याभराने पुन्हा आला, तेव्हा झोप सुधारली होती. जाताना त्याने हळूच विचारले, “काका, इथलं कॅलेंडर कुठे गेलं?” मुले सारे पाहत असतात, आपण त्यांना काय दाखवतो, एवढाच प्रश्न आहे.