पक्षाघात आणि ‘मेंदूला ताकद देणारं’ सलाईन

पक्षाघाताचा रुग्ण दाखल होऊन तीन दिवस झालेले असतात. उजवा हात हलत नाही, बोलणं गेलेलं. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, मेंदूला ताकद येईल असं काहीतरी द्या ना.” मग चिठ्ठीवर सिटिकोलिन, पिरासिटाम, सेरेब्रोलायसिन यांपैकी एखादं नाव उमटतं. कधी दोन-तीन. मेडिकलमधून पिशवी भरून येते आणि घरच्यांना वाटतं, उपचार जोरात चालू आहेत.

हे थांबायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांतच मरतात. त्यांच्याभोवती मात्र एक पट्टा उरतो. शेजारच्या वाहिन्यांतून तिथे थोडंफार रक्त पोचत असतं. या पेशींचं काम बंद पडलेलं असतं, पण त्या जिवंत असतात. वाचवायच्या त्या याच. मोठी वाहिनी बंद राहिली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मग तिसऱ्या दिवशी सलाईन लावून आपण नक्की कोणत्या पेशी वाचवतो?

औषधाने पेशींना कवच द्यायची कल्पना मुळात चुकीची नाही. प्रयोगशाळेत शेकडो औषधांची तपासणी झाली, उंदरांत कित्येक चालली. माणसांत मात्र निराशा झाली. एनएक्सवाय-०५९ या औषधाचा पहिला मोठा अभ्यास आशादायक होता. २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. आपल्याकडे सर्रास लिहिलं जाणारं सिटिकोलिन २२९८ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात (२०१२) तीन महिन्यांनंतरही खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. जपानमध्ये एडारावोन २००१ पासून वापरतात, चीनमध्येही संशोधन चालू आहे. ते चालू राहावंच. पण अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा औषधांची शिफारस नाही.

“पण डॉक्टर, अपाय तर नाही ना?” अपाय खिशाला होतो. याच पैशांत फिजिओथेरपिस्ट कित्येक दिवस घरी येऊ शकला असता. मी पाहतो ते उलटंच: इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण होतो, व्यायाम आठवड्यात बंद पडतो आणि रक्तदाबाच्या गोळ्याही सुटतात. गावाकडे लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात, त्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो. आपल्या चिठ्ठीला काय म्हणायचं?

पेशी वाचतात त्या बंद वाहिनी वेळेत उघडली तर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेच्या साहाय्याने काढता येते. दोन्हींच्या आधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्रावामुळे झालेला पक्षाघातही बाहेरून अगदी असाच दिसतो. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

तोंड वाकडं झालं, हात गळून पडला किंवा बोलणं अडखळलं तर “सकाळपर्यंत बघू” म्हणू नका. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, १०८ ला फोन करा. आणि रुग्णालयाला आधीच विचारा: “सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?” उत्तर नाही असेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका.