धुळ्यात एमबीबीएसची सीट लागली, मग पुढच्या फेरीत जायचं का?

नीटचा निकाल लागला की काही आठवड्यांत पहिल्या कॅप फेरीची यादी येते. समजा, पिंपळनेरच्या एका मुलीचं नाव त्यात आहे आणि कॉलेज आहे धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. साक्री तालुक्यातल्या घरासाठी यापेक्षा मोठी बातमी क्वचितच असते. पेढे वाटून होतात आणि लगेच कुणीतरी विचारतं, "दुसऱ्या फेरीत मुंबई लागेल ना? कशाला थांबतेस?" त्याच बैठकीत आजोबा म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको."

दोघंही अर्धंच बरोबर आहेत. का, ते समजून घ्यायला आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहावं लागेल.

शासकीय मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. ते काम दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी करते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. एम्स आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसीकडे असतात. म्हणजे एकच विद्यार्थी एकाच वेळी दोन रांगांत उभा असतो आणि दोन्ही रांगांचे नियम वेगळे.

राज्याच्या फेरीत जागा मिळाली की मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन कॉलेजात रुजू व्हायचं. तिथे एक साधा दिसणारा कागद असतो, स्टेटस रिटेन्शन फॉर्म. तो भरला की तुम्ही म्हणता, 'मला हीच जागा हवी, पुढच्या फेऱ्यांत माझा विचार करू नका.' भरला नाही तर तुम्ही बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी रांगेत राहता. पुढच्या फेरीत काहीच लागलं नाही तर धुळ्याची जागा शाबूत राहते. इथवर सगळं गोड आहे.

घोळ पुढे आहे. दुसऱ्या फेरीत तुमच्या पसंतीक्रमातलं एखादं कॉलेज लागलं, तर धुळ्याची जागा त्या क्षणी आपोआप रद्द होते. कुणी फोन करून 'येताय का?' असं विचारत नाही. ती जागा लगेच यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. 'बघू तरी काय लागतंय' असा प्रकार इथे नाही. पसंतीक्रमात टाकलेलं प्रत्येक नाव म्हणजे आगाऊ दिलेला होकार.

त्यामुळे पुढच्या फेरीत जायचं का, या प्रश्नाचं उत्तर पसंतीक्रमात दडलेलं आहे. फेरीत जाण्यात धोका नाही, यादी लांबवण्यात आहे. धुळं सोडून खरोखर जायची तयारी असलेली तीनच कॉलेजं असतील तर तीनच भरा. बारा रकाने मोकळे दिसतात म्हणून बारा नावं टाकणारे पालक दर वर्षी भेटतात. मग नको असलेलं गाव लागलं की तेच सीईटी सेलच्या नावाने खडे फोडतात.

आता त्या यादीत काय असावं? मुंबईचं केईएमशी जोडलेलं सेठ जी. एस., जे. जे.शी जोडलेलं ग्रँट, पुण्याचं बी. जे. ही नावं हवीशी वाटणं साहजिक आहे. रुग्णसंख्या मोठी, पदव्युत्तर विभाग जुने, सोबतचे विद्यार्थी तयारीचे. पण पदवी इथेही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि तिथेही. परीक्षा त्याच, आणि एमडी-एमएसला शेवटी नीट-पीजीचाच गुण लागतो. फरक पडतो तो खर्चात आणि रोजच्या जगण्यात. पिंपळनेरहून निघालेली पांझरा धुळ्यातूनच वाहते आणि धुळ्याच्या वॉर्डात अहिराणी आणि भिली बोलणारे रुग्ण येतात. ज्या मुलीला त्यांची तक्रार दुभाष्याशिवाय कळते, तिचा पहिल्या वर्षापासून फायदाच आहे. अर्थात, फक्त भाषेसाठी केईएम सोडा, असं मी म्हणणार नाही.

नव्या कॉलेजांबद्दल मात्र मी सावध राहीन. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी १० नवी शासकीय कॉलेजं सुरू झाली, त्यातून ९०० जागा वाढल्या. नाशिक, जालना, बुलढाणा, हिंगोली, गडचिरोली ही त्यातली काही. जागा वाढल्या हे चांगलंच झालं, पण इमारत, अध्यापक आणि भरलेलं रुग्णालय उभं राहायला वर्षं जातात. 'नाशिक शहर मोठं आहे' एवढ्याच कारणाने धुळ्याच्या वर नाशिकचं नवं कॉलेज टाकण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उलट, हातात खासगी कॉलेजची जागा असेल तर गणित सरळ आहे. धुळ्यातच एसीपीएम हे खासगी कॉलेज आहे. तिथे प्रवेश मिळालेल्याने नंदुरबार किंवा जळगावच्या शासकीय कॉलेजसाठी पुढच्या फेरीत जायलाच हवं. एकच अपवाद तपासा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण शुल्क माफ आहे आणि त्यात खासगी विनाअनुदानित कॉलेजंही येतात. या घरांत फीचा फरक खूप कमी होतो. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही.

आपल्याला वरचं कॉलेज लागेल का, हे कसं ओळखायचं?

गुणांवरून तर अजिबात नाही. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मिळाले. 'मागच्या वर्षी ग्रँट एवढ्या गुणांवर बंद झालं होतं' हे वाक्य त्यामुळे निरुपयोगी ठरतं. पाहायचा तो राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक, ज्याला सगळे एसएमएल म्हणतात. मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गात त्या कॉलेजात पहिल्या फेरीत शेवटचा क्रमांक कोणता होता आणि दुसऱ्या फेरीत तो किती खाली आला, हे सीईटी सेलच्या याद्यांतून काढता येतं. एक संध्याकाळ जाते. पैसे घेणाऱ्या कौन्सेलरपेक्षा ती संध्याकाळ जास्त उपयोगी. फक्त २०२० च्या आधीच्या याद्या वापरू नका. तेव्हा ७०:३० चं प्रादेशिक आरक्षण होतं, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. आता लातूर-नांदेडची मुलं आणि खानदेशची मुलं एकाच यादीत आहेत.

खरी धावपळ होते ती दोन रांगांच्या सांध्यावर. समजा धुळ्यात रुजू झाल्यावर एमसीसीच्या दुसऱ्या फेरीत नागपूरचं एम्स लागलं. मूळ कागदपत्रं धुळ्यात, रुजू व्हायला हातात मोजके दिवस, आणि आधी धुळ्याचा प्रवेश मुदतीत रद्द करून घ्यायचा. एकाच वेळी दोन जागा अडवता येत नाहीत. शिवाय एमसीसीकडे बाहेर पडायचं दार फेरीगणिक अरुंद होतं. पहिल्या फेरीत जागा नाकारली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत अनामत जाते. शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा लागून रुजू झालं नाही तर वर्षभर नीटलाच बसता येत नाही.

हे नियम इतके कडक का, तर वरच्या गुणवत्तेच्या मुलांनी जागा अडवून ठेवल्या की खालच्यांपर्यंत त्या वेळेत पोचत नाहीत. पण कडकपणाही उलटतो. नीट-पीजी २०२१ च्या वेळी मॉप-अप फेरीत १४६ नव्या जागा आल्या. आधीच्या फेऱ्यांत रुजू झालेल्यांना त्या फेरीत मज्जाव असल्याने त्या जागा त्यांच्यापेक्षा कमी गुणवाल्यांना मिळायला लागल्या. ३१ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेरीच रद्द केली आणि या १४६ जागांसाठी विशेष फेरी घ्यायला लावली.

अमेरिकेत हा पेच वेगळा आहे. तिथे प्रत्येक मेडिकल कॉलेज स्वतः मुलाखत घेतं आणि विद्यार्थी अनेक होकार हातात ठेवून एप्रिलअखेरपर्यंत विचार करू शकतो. आपल्याकडे निर्णय संगणक घेतो, त्यामुळे विचार आधीच करून ठेवावा लागतो.

मुलाखतीचा प्रश्न आपल्याकडे ठळकपणे उरलाय तो पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. एमसीसीकडे नोंदणी करताना तो पर्याय द्यायचा. नीटच्या गुणांवर निवडलेल्यांना पुण्यात बोलावतात आणि तिथे इंग्रजी-तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. धुळ्याची जागा हातात असताना जावं का? मुलाखतीला जाण्याने ती जागा जात नाही, तिथे प्रवेश घेतला तरच सोडावी लागते. शिक्षण शुल्क नाही, पण पदवीनंतर लष्करी सेवा बंधनकारक आणि ती नाकारली तर मोठी रक्कम भरावी लागते. राज्याच्या शासकीय कॉलेजातही बंधपत्र असतं, पण ते १ वर्षाच्या सेवेचं. घरच्यांच्या डोक्यात पिंपळनेरच्या बाजारपेठेतला दवाखाना असेल तर आधी मुलीशी बोला. तिला गणवेश हवा असेल तर पुण्याचं तिकीट काढा. 'अनुभव म्हणून जाऊन ये' एवढंच कारण असेल, तर त्याच दिवसांत राज्याच्या फेरीची मुदत पडते का, ते आधी वेळापत्रकात पाहा.

आणि रुजू होण्याआधी प्रत्येक मूळ कागदाच्या चार-पाच झेरॉक्स आणि स्कॅन काढून ठेवा. राखीव प्रवर्गासाठी राज्याच्या फेरीत जातवैधता प्रमाणपत्र लागतं, एमसीसीकडे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी मुलांची जागा गुणांपेक्षा या कागदांपायी जास्त अडते. माहितीपुस्तिका दर वर्षी नव्याने येते आणि नियम बदलतात, त्यामुळे रिटेन्शन फॉर्मवर सही करण्याआधी त्या वर्षीचीच पुस्तिका उघडा.