पोरीचे नाव कोणत्या वहीत?

दसरा झाला की अंबड-घनसावंगीकडच्या गावांत ट्रक-ट्रॅक्टर लागतात. भांडी, गोधड्या, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली पोरे. टोळी ऊसतोडीला निघते. मुकादमाकडे हिशेब कोयत्याचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरांची नोंद नाही.

हे पाहिले की आम्हाला व्हिक्टोरिया राणीचा काळ आठवतो. इंग्लंडात पोरांना धुराड्यात चढवून काजळी काढून घेत. दहा वर्षांखालच्या मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवणे १८४२ साली कायद्याने बंद झाले. आपल्याकडच्या गिरण्यांसाठी पहिला कायदा १८८१ चा. सात वर्षांखालचे मूल कामावर घ्यायचे नाही, बारापर्यंतच्याला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. सात वर्षांचे लेकरू आणि नऊ तास! त्यातही शंभराहून कमी माणसांच्या कारखान्याला तो लागू नव्हता. (लँकेशायरचे गिरणीवालेही या कायद्यासाठी आग्रही होते. मुंबईचा स्वस्त माल त्यांना जड जात होता.)

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांचे निवेदन दिले. १८९१ च्या कायद्याने वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सात. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजांचा तो कायदा इथे नव्हताच.

आज घटनेचे कलम २४ आहे. २०१६ पासून चौदाखालच्या मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत केली तर तेवढी सूट. पण फडात शाळा कुठली? आई पहाटे ऊस तोडायला जाते, दहा वर्षांची पोर कोपीवर धाकटे सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. विचारले तर बाप म्हणतो, ती काही काम करीत नाही, घरीच असते. आम्ही त्याला दोष देत नाही. उचल फिटायची असते.

पण माता-भगिनींनो, निघण्याआधी एकदा गुरुजींना भेटा. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह निघणार असेल तर पोरीचे नाव तिथे द्या. आजी घरी असेल तर तिच्याशीही बोला. बरोबर न्यावेच लागले तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही म्हणून पोरीला परत पाठवता येत नाही. २००९ च्या कायद्यात तसे आहे.